छत्रीवालीचा शेवट

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही कुठे ठेवायच्या हा आईपुढे प्रश्न पडला. एक नाकानोबाईंचं खोकं आणि दुसरी माझी ताई. खोकं सोमवारी आलं, ताई गुरुवारी. कर्वेनगरमधली आमची जागा दोन खोल्यांची, तिसऱ्या मजल्यावर; जिना चढून येणाऱ्याला आधी चपलांचा ढीग भेटायचा आणि मग आम्ही. खोकं आईने पलंगाखाली सारलं. ताईला पलंग दिला आणि माझी गादी जमिनीवर आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि हे मला मुळीच आवडलं नव्हतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

खोक्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. त्या काळात पुण्यात दर दुसऱ्या घरात कुणीतरी जपानी नाहीतर जर्मन शिकत असे. कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, त्यांना जपानची कामं मिळणार होती, आणि दुभाषी मुलीला घरी बोलावून नोकरी देतात असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं. ते सगळ्या गावाला पटलं. मी दिवसा कॉलेजात आणि संध्याकाळी जपानीच्या वर्गात जायचे. लिहिणं-वाचणं ठीक होतं, पण कानावर पडलेलं काही समजेल तर शपथ. ऐकण्याच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. मग सरांनी मला नाकानोबाईंकडे पाठवलं. त्यांचे यजमान एका कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला आले होते आणि बाई दिवसभर भाड्याच्या बंगल्यात एकट्या असत. आम्हा चार मुलींना व्हरांड्यात बसवून त्या बोलायला लावायच्या, आणि आम्ही बोललो की तोंडावर हात ठेवून हसायच्या. आमचं जपानी म्हणजे बहुधा तसंच असावं. यजमानांचं काम संपलं तेव्हा सामान आवरता आवरता त्यांनी मला अकरा व्हिडिओ कॅसेट दिल्या. बाईंच्या आईने टीव्हीवरून भरून लेकीला पाठवलेल्या. लहानपणी बघितलेली मालिका, खास मुलींसाठी काढलेली, हाताने रंगवलेल्या चित्रांची. "फार जुनी आहे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही आता कुणाला आठवत नाही. पण त्यात सगळे सावकाश बोलतात. तुझ्या कानाला बरं." प्रत्येक कॅसेटवर म्हातारीच्या हातचा आकडा होता आणि आकड्याशेजारी पेनाने काढलेली एक चिमुकली छत्री. माझी मुलगी आता मला 'ॲनिमे म्हण' असं बजावते. आम्ही आपलं कार्टूनच म्हणत होतो.

ताईचं सांगणं अवघड आहे. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं. मिलिंदराव सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि हा शब्द आई तेव्हा एखाद्या जागृत देवस्थानाचं नाव घ्यावं तसा घ्यायची. धायरीला नव्या इमारतीत त्यांनी जागा घेतली होती. आजूबाजूला अजून शेतं होती आणि चार मजल्यांत मिळून तीन बिऱ्हाडं. मिलिंदराव सकाळी ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जात. टेलिफोनलाही एक छोटं कुलूप होतं, त्याची किल्ली त्यांच्याच खिशात. ताईने हे आम्हाला कधी सांगितलं नाही. ते घरी असताना आम्ही फोन करायचो आणि ती म्हणायची, "बरं आहे." मग एकदा तिची नणंद मुलांना घेऊन आली, सगळी मंडळी कात्रजला साप बघायला गेली, आणि ताई मुलांसाठी पाणी आणते म्हणून फाटकाबाहेर आली ती समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढून बसली. आमच्या दारात आली तेव्हा तिच्या गळ्यात नणंदेच्या मुलाची निळी पाण्याची बाटली होती. आईने पहिला प्रश्न विचारला तो, "ही कुणाची?"

त्या संध्याकाळी ताईने एकदाच सांगितलं. "मला बाहेरून कुलूप लावून जातात, आई. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी आठ. सात महिने."

"मग आत काय कमी होतं?" आई म्हणाली. ती गवार मोडत होती, आणि शेंगा मोडल्याचा कटकट आवाज थांबला नाही. "ओसाड जागा, घरात तरुण बायको. काळजी करतो म्हणून लावतो."

"मी खिडकीशी उभी राहिले तरी विचारायचे, कोण होतं खाली."

"अगं, नवीन लग्नात असं असतं."

बाबांनी चप्पल घातली आणि ते फिरायला गेले. बाबा शाळेत गणित शिकवायचे. ज्या गणिताचं उत्तर पुस्तकामागे छापलेलं नाही ते ते सोडवायला घेत नसत. पुढचे पंधरा दिवस त्यांनी जेवढं फिरणं केलं तेवढ्यात सिंहगड चार वेळा चढून झाला असता. अण्णामामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने सगळं मार्गी लावलं. मिलिंदराव महिनाअखेर अमेरिकेला निघणार होते, ताईचीही कागदपत्रं झाली होती. जास्त बोभाटा व्हायच्या आत, पुढच्याच्या पुढच्या रविवारी, सासरची मंडळी येऊन तिला घेऊन जातील. ताईने फक्त स्वतःच्या तोंडाने 'येते' म्हणायचं. रडतओरडत पाठवली असं नको, असं तिच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं. "एकदा तिकडे गेली की झालं," आई मला म्हणाली. "अमेरिकेत कुठलं आलंय कुलूप? तिथे दारं म्हणे आपोआप लागतात." हे ती विनोदाने म्हणाली नव्हती. तिला त्यात खरोखर दिलासा दिसत होता.

ताई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. आई तिच्या आवडीचं भाजणीचं थालीपीठ करायची, लोण्याचा गोळा ठेवून, आणि ते तसंच परत यायचं. ती उठायची ती एकाच कारणासाठी. आमचं पुढचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असे, पण डास यायच्या वेळेला आई कडी लावायची. कडीचा आवाज झाला की ताई उठायची, जाऊन कडी काढायची, आणि परत येऊन पडायची. आई पुन्हा लावायची. ताई पुन्हा काढायची. डास मात्र आम्हाला फोडून काढायचे. तिसऱ्या दिवशी आई बाहेर गेलेली असताना ताईने माझं मनगट धरलं. "पलू, मला परत पाठवू नका गं," ती म्हणाली. "मी स्वयंपाक करीन, डबे करीन, कुठेही कामाला जाईन. तू आईला सांग. तुझं ऐकते ती." मी सांगते म्हणाले. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले.

परीक्षा जवळ आली होती, म्हणून त्याच दुपारी मी पलंगाखालचं खोकं ओढलं. व्हीसीआर अण्णामामाने आखातातून आणलेला, आम्हाला वापरायला दिलेला. त्यावर जपानी कॅसेट चालायची, पण आमच्या टीव्हीवर रंग उमटत नसे. सगळं काळंपांढरं दिसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने चित्र वर सरकायचं. मग मी उठून टीव्हीला एक चापट द्यायची. आधी गाणं लागलं, बाईच्या बारीक आवाजातलं, आणि मग बर्फ. बर्फाच्या गावात कागदाच्या छत्र्या करणाऱ्याचं दुकान. बांबूच्या काड्या, तेल दिलेला कागद, खळीचं भांडं. फुसाए नावाची एक अनाथ मुलगी तिथे कामाला आणलेली. डोळे बशीएवढे, त्यात दोन दोन चांदण्या. दुकानाची मालकीण दुष्ट नव्हती. ती फुसाएला पोटभर जेवायला घालते, सर्दी झाली तर काढा करून देते. फक्त बाहेर जाऊ देत नाही. बाहेर बर्फ आहे, तू हरवशील, म्हणते आणि दाराला अडसर घालते. फुसाए आत बसून दुसऱ्यांनी बाहेर जावं म्हणून छत्र्या करते. हे मी आधी बघितलं असतं तर कॅसेट लावलीच नसती. पण मी आधी काही बघितलं नव्हतं, आणि ऐकून समजलेलं मोठ्याने मराठीत म्हणायचं अशी सरांनी लावलेली सवय होती. तेव्हा मी म्हणत सुटले. "ती म्हणतेय... थांब... हिवाळा गेला की... नाही नाही, मागे घेते... हिवाळा गेला की तुला देवळात नेईन, असं मालकीण म्हणतेय बहुतेक." दुसरा भाग संपेपर्यंत ताईने कूस बदलली होती. चौथ्या भागाला मी कॅसेट थांबवून पाणी प्यायला उठले, तर मागून आवाज आला, "पुढे?"

मग रोज दुपारी दोन ते चार आमच्याकडे छत्रीवाली सुरू झाली. आई तांदूळ निवडत बसायची आणि अधूनमधून बोलायची. "ही मालकीण काढा कशाचा करते विचार तिला." मी अडखळायची, कॅसेट मागे घ्यायची, वही उघडायची, आणि काही ठिकाणी हात टेकायची. "हे नाही कळलं गं." ताई म्हणायची, "असू दे. तिचं तोंड बघून कळलं." ती जेवायला लागली. एकदा तिने आपणहून थालीपीठ मागितलं, तेव्हा आई म्हणाली, "आली का भूक? मला वाटलं सासरीच ठेवून आलीस." पण बोलता बोलता तिने दुसरं थापायला घेतलं होतं. कपडे वाळत घालताना ताई ते बारीक आवाजातलं गाणं गुणगुणायची, शब्दांऐवजी नुसतं ना-ना करून. आणि ती बोलायला लागली. फुसाएचं सांगता सांगता स्वतःचं. "मलाही असंच जिन्यात कुणी चपला घातल्या की ऐकू यायचं," ती म्हणाली. "आवाजावरून ओळखायचे, कोण कितव्या मजल्यावरचं. एकदा गॅसवाला आला होता. दाराबाहेरून म्हणाला, ताई उघडा. मी म्हटलं, घरात कुणी नाही." मी हसले. मला वाटलं विनोद आहे. आई निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती.

दुसऱ्या आठवड्यात अण्णामामा आला. चहा घेता घेता त्याने विचारलं, "मग काय सुजाता, रविवारी निघायचं ना?" ताई पलंगावर सरळ बसली होती. आल्यापासून पहिल्यांदा तिने केस नीट विंचरले होते. ती म्हणाली, "हिची गोष्ट संपू दे. मग सांगते." मामा हसला. "कार्टूनची?" तो म्हणाला. "बघ बाई. संपव लवकर." बाबा वर्तमानपत्र वाचत होते. आई मात्र हसली नाही. तिने मामाचा कप उचलला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला आईच्या नजरेतून कळलं की तिने सगळी दुपार तांदूळ निवडले नव्हते, ऐकलं होतं. ताईचा 'नाही' तयार होत होता. तो तयार होताना मी ऐकत होते आणि आईही ऐकत होती.

शनिवारी सकाळी बाबा ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिला झोप लागत नसे. ती दोघं जिना उतरली तशी आई हात पुसत बाहेर आली. "शेवटची लाव," ती म्हणाली. "आधी आपण बघू." मी लावली. शेवटच्या भागात मालकीण आजारी पडते. फुसाए तिची शुश्रूषा करते, ती बरी होते आणि स्वतः दाराचा अडसर काढून म्हणते, आता तू या घरची मुलगी, इथेच राहा. फुसाए लपवून केलेली आपली छत्री घेते आणि बाहेर पडते. पुलावर पोचल्यावर मालकीण मागून हाक मारते. फुसाए वळते, कमरेत वाकून खूप वेळ नमस्कार करते, मग पाऊलखुणा, मग नुसता बर्फ. मग बरीच वर्षं गेल्याचं दाखवतात, आणि दुकानाच्या दारात तीच छत्री उघडून ठेवलेली दिसते. इथे गोष्ट सांगणाऱ्या बाईचा आवाज येतो. सगळ्या मालिकेत ती सर्वांत सावकाश बोलायची, आणि त्या दिवशी मला तिचा शब्द न् शब्द कळला. एकदाही मागे घ्यावं लागलं नाही. दोनदा आपटलेल्या माझ्या कानाला ऐन त्या वेळी जपानी समजायला लागलं होतं. फुसाएने नंतर ती छत्री दुकानात परत पाठवून दिली होती. मालकीण दर हिवाळ्यात ती दारात लावून ठेवायची. फुसाए पुन्हा कधी त्या गावात आली नाही.

मी आईला सांगितलं.

"छत्री तर दारात आहे," ती म्हणाली.

"हो, पण ती स्वतः नाही ना आली."

"ते बाई बोलली म्हणून तुला कळलं. चित्रात काय दिसतं? वाकून नमस्कार केला, आणि छत्री परत दारात. परत आली म्हणून सांग."

"आई, असं कसं?"

"भाषा घरात तुलाच येते," आई म्हणाली. मग ती खाली बसली, माझ्या गादीवर, आणि मी तिला तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "पलू, ती नाही म्हणाली तर आयुष्यभर ह्या पलंगावर बसेल गं. मी आणि तुझे बाबा किती वर्षं पुरणार? पुढे तुझं व्हायचंय. थोरली घरी बसलेली असली की धाकटीला कोण विचारतं? मी वाईट सांगतेय का? सांग ना, मी वाईट सांगतेय का?"

आईने सांगितलं म्हणून मी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला ऐकवत आले. ते पुरतं खरं नाही. मला माझा पलंग परत हवा होता. ताई अमेरिकेला चालली आहे याचा मला हेवाही वाटत होता, कुलुपाचं सगळं ऐकूनसुद्धा. आणि घरातली ती हवा संपावी असं वाटत होतं, कडी लावायची, कडी काढायची, बाबांच्या चपला, आईचं तांदूळ निवडणं. कशानेही संपो, पण संपो. भाजी करपायला लागल्यावर आपण गॅस बंद करतो, कोणती भाजी आहे ते बघत नाही, तसं काहीतरी. मी आंघोळ करताना दोन वाक्यं मनात नीट जुळवून ठेवली.

दुपारी सगळे होतो. बाबासुद्धा त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. मी टीव्हीला चापट देऊन चित्र जागेवर आणलं आणि सांगायला लागले. आजारपण झालं, अडसर निघाला, पूल आला. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. फुसाए वाकली तेव्हा मी म्हणाले, "ती म्हणतेय, माझं चुकलं, मला क्षमा करा." ती काहीच म्हणत नव्हती. मग छत्री दिसली आणि त्या बाईचा सावकाश आवाज सुरू झाला. त्यावर माझा आवाज चढवून मी म्हणाले, "आणि हिवाळा संपायच्या आत फुसाए घरी परत आली. ही दारातली छत्री तिचीच. पुढे ती त्या घरात सुखाने राहिली." आई म्हणाली, "चांगला आहे हो शेवट." बाबांनी मान डोलावली. गाणं लागलं.

ताई टीव्हीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गाण्याचं पहिलं कडवं झालं असावं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काही विचारून पाहावं आणि उत्तर मिळून जावं, तशी ती बघत होती. "हो का," ती म्हणाली. "बरं." मग उठली, पुढच्या दाराशी गेली, आणि तिने आपल्या हाताने कडी लावली. उजेड भरपूर होता, डास यायला अजून दोन तास होते. रविवारी मंडळी आली. आईने साखरभात केला होता. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ताई 'येते' म्हणाली, स्वतःच्या तोंडाने, आणि ती निळी बाटली धुऊन कोरडी करून नणंदेसाठी बरोबर नेली.

ऐकण्याची परीक्षा मी त्याच वर्षी पास झाले. नोकरी लागली. पंचवीस वर्षं दुभाषी म्हणून काम केलं, आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवायची. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही. मुलांना माझा धाक वाटायचा. कामानिमित्त भेटणाऱ्या जपानी लोकांना मी छत्रीवालीबद्दल विचारून बघायची, तर कुणालाच ती माहीत नव्हती. ताईची पत्रं यायची. पहिल्या पत्रात होतं, "इथे बर्फ पडतो, तुझ्या छत्रीवालीच्या गावासारखा. गाडी आल्याशिवाय कुठे जाता येत नाही." तिथे कुलूप लागलं नाही हे आईचं बरोबर होतं. लागायची गरजच नव्हती. नऊ वर्षांनी ताई परत आली, एकटी, एका बॅगेनिशी. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. तो कसा गेला हे तिने एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. आईने मरेपर्यंत त्या शनिवारचा विषय काढला नाही. ताईला मात्र ती शेवटपर्यंत स्वतः वाढायची, आणि ताई पुरे म्हणाली तरी वाढत राहायची.

ताई आता कात्रजला राहते, तळमजल्यावर. ती बसमध्ये चढली होती ती जागा तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. गेल्या वर्षी मला इंटरनेटवर ती मालिका सापडली. कुणा हौशी माणसाने सगळी टाकली होती, खाली कुणाची एक ओळसुद्धा नाही. मी एकटीने बघू शकले नाही. लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले, तिच्या उजव्या बाजूला ठेवला आणि शेवटचा भाग लावला. पूल आला, नमस्कार झाला, दारात छत्री दिसली. गोष्ट सांगणारी बाई बोलायला लागली आणि मला पहिलं वाक्यच जुळेना. मोठमोठ्या बैठकांत कधी अडले नाही ती मी.

"सांग ना," ताई म्हणाली. "काय म्हणतेय?"

"म्हणतेय... मालकीण ती छत्री... थांब, मागे घेते... मालकीण ती दर हिवाळ्यात दारात लावून ठेवते. फुसाए... ती पुन्हा कधी त्या गावात आली नाही."

"हं," ताई म्हणाली. "रंग फिका आहे गं छत्रीचा. मला वाटायचं लाल असेल."

"ताई, तेव्हा मी खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. बाकी सगळी गोष्ट तू अडखळत सांगायचीस. थांब, मागे घेते, हे नाही कळलं. शेवट तेवढा घडाघडा म्हणालीस."

मी म्हटलं, "मग कळलं होतं तर गेलीस कशाला?"

चहाच्या कपावरची साय तिने बोटाने बाजूला केली. "आईचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "मामाचं माहीत होतं. बाबा फिरायला जात होते. तू आहेस म्हणून मी नाही म्हणणार होते, पलू. त्या दुपारी बघितलं तर तूही नाहीस. मग नाही म्हणून राहायचं कुणाकडे?"

पडद्यावर नावं सरकत होती आणि ते बारीक आवाजातलं गाणं लागलं होतं. ताईने चांगला कान तिकडे केला आणि ती ते संपेपर्यंत ऐकत बसली.